झऱ्याकडच्या म्हशी

त्या पठारावर गवत उदंड होते, आणि गवत होते म्हणून गोचीडही होते. सकाळच्या दहिवरात ते पात्यांच्या टोकांना चढून बसत आणि म्हैस चरत चरत जवळून गेली की तिच्या अंगाला लागून जात. याला कुणाचाच इलाज नव्हता, कारण म्हशींना गवत सोडता येत नव्हते. इलाज होता तो एवढाच, की पठाराच्या कडेला सावरीची झाडे होती आणि त्यांवर साळुंक्या राहत होत्या.

दिवस उजाडला की साळुंक्या उतरत. पाठीवरून, पोटाखालून, कानांच्या वळ्यांतून गोचीड टिपत आणि उन्हे कलली की परत जात. हा रिवाज कधी सुरू झाला हे कळपातल्या थोरल्या म्हशीलाही ठाऊक नव्हते. साळुंक्या मायाळू होत्या असे मात्र नाही. त्या आपसात भांडत, कामात असताना कलकलाट करत, आणि चोच खोल गेली, कातडी दुखली, तरी थांबत नसत. कळप मोठा होता, साळुंक्या थोड्या होत्या. एका पाठीवर रेंगाळले तर दुसरी पाठ राहून जाई.

या कळपात करवंदी नावाची एक म्हैस होती. तिची पहिलीच पारडी, भुरकी, सहा महिन्यांची झाली होती. त्या साली पाऊस उशिरापर्यंत पडत राहिला आणि गवताबरोबर गोचीडही माजले. भुरकीचे कान करवंदीला गरम लागले, तेव्हा तिने हळदुलीला हाक मारली. हळदुली ही साळुंक्यांतली जुनी, जाणती. तिच्या डोळ्यांभोवतीचा पिवळा रंग इतरांपेक्षा गडद होता. अजून अकरा पाठी राहिल्या आहेत, उद्या बघते, असे ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तिला जमले नाही. तिसऱ्या दिवशी ती आली, भुरकीच्या कानावर बसली, आणि टिपायला सुरुवात न करता नुसतीच बसून राहिली. गोचीडताप अंगात भिनला होता. दुपार व्हायच्या आत भुरकी गेली.

असे का झाले, असे करवंदीने विचारले.

"असं होतं कधी कधी," हळदुली म्हणाली, आणि पुढच्या पाठीवर उडून गेली.

कळप पुढे सरकला. करवंदी तीन दिवस त्याच जागी उभी राहिली. तिची धाकटी बहीण जांभळी दोनदा परत येऊन तिला घेऊन गेली, आणि दोन्ही वेळा ती पुन्हा तिथेच जाऊन उभी राहिली. बाकीच्या म्हशी जे बोलायचे असते ते बोलल्या. अजून तरुण आहेस, पुन्हा गाभण राहशील. खाऊन घे. सगळ्यांचे असेच असते. त्यात वाईट काही नव्हते. पण भुरकीबद्दल कुणीच काही विचारले नाही.

एके सकाळी करवंदी वाट फुटेल तिकडे निघाली. पठाराच्या उत्तरेला काळ्या कातळाची चढण होती. वर सतत वारा वाहत असे, आणि कातळाच्या खोबणीतून कोमट पाण्याचा एक झरा निघत असे. तिथे निर्मळ नावाचा एक वयस्क सांबर एकटाच राहत होता. तो खाली कधी उतरत नसे. त्याची कातडी धुतलेल्या दगडासारखी स्वच्छ होती आणि बोलणे संथ होते. करवंदीला पाहून तो उठला नाही, पण त्याने सरकून तिला जागा करून दिली. मग त्याने विचारले, "कशी होती ती?"

करवंदी बोलू लागली. भुरकी पाण्याला भीत असे. दूध पिताना तिचे शेपूट आपोआप डावीकडे वळत असे. आईची सावली हलली की ती दचकत असे. सांगता सांगता उन्हे उतरली. निर्मळने मध्ये एकही शब्द टाकला नाही.

ती रोज वर जाऊ लागली. निर्मळने तिला कोमट पाण्यात डोळे मिटून बसायला शिकवले, श्वास मोजायला शिकवले, कळपाच्या आधी उठून एकटीने चालायला शिकवले. महिन्याभरात ती पुन्हा चरू लागली. तिच्या डोळ्यांत तेज परतले, गुडघ्यांत बळ आले. यातले काहीच खोटे नव्हते.

तिला असे बदललेले पाहून दुसऱ्याही तिच्यामागे वर जाऊ लागल्या. कुणाचे पाय दुखत होते, कुणाला झोप लागत नव्हती. केतकी नावाच्या म्हशीच्या पोटात वर्षभर काहीतरी टोचत होते आणि साळुंक्यांनी तिला तीनदा सांगितले होते, की तुझ्या अंगावर काही नाही, उगाच थांबवू नकोस. निर्मळने तिला असे काहीच सांगितले नाही. तो म्हणाला, "टोचतंय ना, मग आहे." केतकी त्या दिवशी झऱ्यात बसून रडली, आणि त्यानंतर तिचे टोचणे कमी झाले. उन्हाळ्यापर्यंत वर जाणाऱ्या दहा-बारा झाल्या. कळपात त्यांना झऱ्याकडच्या म्हणू लागले.

एकदा सगळ्या पाण्यात बसल्या असताना करवंदीने तो जुना प्रश्न काढला. भुरकीच का? निर्मळने डोळे उघडले. मग म्हणाला, "साळुंक्या गोचीड खाऊन जगतात. गोचीड संपले तर साळुंक्या काय खातील? मी काही सांगत नाही. मी फक्त विचारतो."

त्याने पुन्हा कधी हा विषय काढला नाही. तशी गरजही पडली नाही. कळपात भोवरा नावाचा एक रेडा होता. त्याचे कुणी मेले नव्हते, त्याचे काही दुखत नव्हते, पण इतरांना न दिसलेले आपल्याला दिसावे याची त्याला फार आवड होती. तो झऱ्यावर येऊ लागला आणि रोज काहीतरी नवे पाहून आला. साळुंक्यांच्या पंखांवर पांढरा पट्टा असतो, आणि तो बसल्यावर झाकतो, उडतानाच दिसतो. ही खूण कुणासाठी? सकाळी पाठींवर येण्याआधी त्या थोडा वेळ गवतात उतरतात. तिथे काय टाकतात? ज्या महिन्यांत साळुंक्या जास्त येतात, त्याच महिन्यांत गोचीड जास्त असतात. भोवऱ्याने पाहिलेले सगळे बरोबर होते. साळुंक्यांच्या पंखांवर पट्टा होताच, त्या गवतात उतरतच होत्या, आणि गोचीड जास्त तिथे त्या जास्त येतच होत्या. हे सगळे ऐकून निर्मळ डोळे मिटे आणि म्हणे, की ज्याला त्याला आपापले सत्य दिसते. ऐकणाऱ्या त्याचा अर्थ होकार असा घेत.

करवंदीला पहिल्यांदा हे ऐकून भीती वाटली, आणि मग हायसे वाटले. 'असं होतं कधी कधी' हे वाक्य वर्षभर तिच्या अंगात काट्यासारखे मोडून राहिले होते. आता ते निघाले. भुरकी अशीच गेली नव्हती. कुणीतरी तिला नेले होते, आणि नेणाऱ्याला चेहरा होता, डोळ्यांभोवती गडद पिवळा रंग होता. दुःखाचे तोंड कुणाकडे वळवायचे ते तिला कळले. ती झऱ्यावर बोलू लागली, आणि तिच्यासारखे कुणीच बोलत नसे, कारण तिचे मूल खरोखर गेले होते.

पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा व्याली. रेडकाचे नाव तिने उंबर ठेवले. त्याच्या अंगाला चोच लागू द्यायची नाही, असे तिने त्याच दिवशी ठरवले.

त्यानंतर आठवड्याभराने साळुंक्या नेहमीप्रमाणे उतरल्या, तेव्हा झऱ्याकडच्या म्हशी माना खाली घालून रांगेत उभ्या होत्या. त्यांनी शेपट्या झाडल्या, शिंगे फिरवली. एका लहान साळुंकीचा पंख मोडला. हळदुली सगळ्यांत पुढे जमिनीवर उतरली आणि हे काय चालले आहे असे तिने विचारले. करवंदीने सगळ्यांसमक्ष विचारले, की गोचीड गवतात तुम्हीच पेरता की नाही.

हळदुलीला राग आला नाही. ती फार दमलेली होती. "बाई, उचलायला दिवस पुरत नाही," ती म्हणाली. "पेरायला वेळ कुठून आणू?"

झऱ्याकडच्या एकमेकींकडे पाहू लागल्या. तिने नाही म्हटलेले नाही, हे भोवऱ्याने त्यांच्या लक्षात आणून दिले.

त्या दिवशी साळुंक्या गेल्या. मोडक्या पंखाच्या साळुंकीला मधोमध चालवत त्या पठार उतरल्या आणि खालच्या नदीतल्या दगडांवरून पलीकडे, तिथे चरणाऱ्या दुसऱ्या कळपाकडे गेल्या. ज्या म्हशींनी शिंगे उगारली नव्हती त्यांच्याही पाठी रिकाम्या राहिल्या. जांभळी तेव्हा गाभण होती. ती करवंदीजवळ आली.

"ताई, मी पलीकडे जाते," ती म्हणाली. "तू म्हणतेस ते खरं असेलही. पण माझ्या पोटात आहे."

करवंदीने तिला अडवले नाही. तिला बहिणीची कीव आली. थोरली आणि निम्मा कळप जांभळीबरोबर नदी उतरून गेला.

उन्हाळाभर काहीच झाले नाही. वाळल्या गवतात गोचीड थोडे असतात. साळुंक्या गेल्या आणि गोचीड गेले, हे आता सगळ्यांना उघड दिसत होते. उंबर वाढला. तो पाण्याला भीत नव्हता.

मग पाऊस पडला, गवत गुडघ्याला आले, आणि भाद्रपद सरता सरता झऱ्याकडच्यांच्या अंगावर बोट ठेवायला जागा उरली नाही. पहिल्यांदा गडबड उडाली. पण लवकरच कुणीतरी म्हणाले, की हे बाहेरून आलेले नाहीत, आतले वाईट बाहेर पडते आहे, आणि जितके जास्त तितके बरे. निर्मळ पूर्वी एकदा म्हणाला होता, की नको असलेले शरीर आपण होऊन टाकून देते. दोन्ही गोष्टी जुळल्या. केतकी वाळत चालली होती, पण तिचा चेहरा शांत होता, आणि नव्याने येणाऱ्यांना तिच्याकडे बोट दाखवले जाई.

एका सकाळी करवंदीने उंबरचा कान चाटला आणि तो गरम लागला.

तो गरमपणा तिच्या जिभेच्या ओळखीचा होता. तिने ते केतकीला सांगितले. केतकी म्हणाली, की भिऊ नकोस, त्याचे अंग स्वतःला धुते आहे, तू भ्यालीस तर त्याचे काम अडेल. इतरही जमल्या आणि करवंदी किती स्थिर आहे याचे त्यांनी कौतुक केले. करवंदी स्थिर उभी राहिली. त्या पांगल्यावर तिने उंबरचा कान पुन्हा चाटून पाहिला.

दुसऱ्या दिवशी ती उंबरला घेऊन कातळावर निघाली. चढणीवर तो दोनदा बसला. तिने त्याला कपाळाने ढकलत वर नेले. निर्मळने नेहमीसारखे सरकून जागा दिली, उंबरला कोमट पाण्यात निजवायला सांगितले, आणि डोळे मिटून तो संथ श्वास घेऊ लागला. करवंदीनेही डोळे मिटले, पण ते मिटलेले राहिनात. समोर निर्मळची मान होती. स्वच्छ, सपाट, एक पुळी नाही, एक व्रण नाही. अशी मान तिने पठारावर कुणाचीच पाहिली नव्हती.

"तुम्हाला कधीच गोचीड लागला नाही?" तिने विचारले.

"एकही नाही," निर्मळ म्हणाला. "इथे आल्यापासून एकदाही नाही."

तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या आवाजात गर्वसुद्धा नव्हता. करवंदीने त्याच्याकडे पाहिले, मग त्याच्या खुरांकडे, मग खुरांखाली. काळा कातळ होता. फटींतून शेवाळ होते, दगडफूल होते, इथे तिथे खुरटी झुडपे होती. वारा इतका होता, की झुडपांची पाने एकाच बाजूला वळून वाढली होती. ती दोन वर्षे इथे येत होती, आणि दोन्ही वर्षे डोळे मिटून बसली होती.

"इथे गवत नाही," ती म्हणाली.

"गवताची मला कधी गरज वाटली नाही," निर्मळ म्हणाला.

ती वाट पाहत राहिली. पुढचे त्याचे त्याला सुचेल असे तिला वाटले. त्याला काही सुचले नाही. तो प्रेमाने तिच्याकडे पाहत होता. तिने उंबरला पाण्यातून उठवले. निर्मळने थांब म्हटले, मग दुसऱ्यांदा म्हटले नाही. ती खाली उतरू लागली तेव्हा त्याला तिच्याबद्दल खरोखरच वाईट वाटत होते.

नदीकडे जायची वाट झऱ्याकडच्यांमधूनच जात होती. ती कुठे चालली आहे हे त्यांना लगेच कळले. भोवरा म्हणाला, की तिला साळुंक्यांनी फोडले, हे होणार असे आपल्याला वाटलेच होते. करवंदी थांबली नाही. बाकीच्या बाजूला सरल्या, फक्त केतकी सरली नाही. तिचा आवाज चढला नाही.

"तूच आम्हाला सांगितलंस," ती म्हणाली. "भुरकीचं सगळं तूच सांगितलंस. आणि आता याला आपल्या पायांनी त्यांच्याकडे नेतेस?"

 केतकीला ज्या सगळ्या गोष्टी पाठ होत्या, त्या करवंदीनेच तिला शिकवल्या होत्या. ती वळसा घालून पुढे गेली.

नदी छातीपर्यंत होती. पोहणाऱ्या उंबरला तिने आपल्या अंगाने प्रवाहाच्या वरच्या बाजूने आडोसा दिला. पलीकडे जांभळीने तिला लांबूनच ओळखले आणि ती पळत आली. तिच्यामागे तिची पारडी होती, दुधावर माजलेली. जांभळीने उंबरकडे एकदा पाहिले. ती उलट दिशेला धावली, आणि परत आली तेव्हा तिच्या शिंगावर हळदुली बसलेली होती.

हळदुलीने उंबरला डोक्यापासून शेपटापर्यंत पाहिले. मग करवंदीकडे न पाहता ती त्याच्या कानात उतरली. त्या दिवशी दुसऱ्या पाठी तिला हाका मारत राहिल्या आणि ती गेली नाही. तिने बरोबरच्या सहा जणींनाही बोलावून घेतले. उन्हे कलली तरी त्या आपल्या झाडांकडे परतल्या नाहीत, उंबरच्या शेजारच्या बाभळीवरच बसल्या.

"जगेल की नाही ते मला सांगता येत नाही," हळदुली म्हणाली. मग ती पुन्हा बोलली. "मागच्या वेळी मी म्हणाले होते, असं होतं कधी कधी. ते खरं होतं. पण तुला सांगण्यासारखं माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून मी उडून गेले. तेवढं मी करायला नको होतं."

करवंदी म्हणाली, की त्या लहान साळुंकीचा पंख आपणच मोडला होता. तो तिच्याच शिंगाने मोडला होता, हे तोवर कुणाला माहीत नव्हते.

"ती आता चालते," हळदुली म्हणाली. "खालचे खालचे टिपते."

उंबर अकरा दिवस उठला नाही. बाराव्या दिवशी तो उठला. त्याच्या एका कानाचा अर्धा भाग सडून गळाला आणि अंगभर चोचींच्या खपल्या राहिल्या, पण तो उठला आणि चरू लागला. झऱ्याकडच्यांपैकी कुणी कुणी नदीच्या काठावर येऊन त्याला लांबून पाहून गेल्या. त्याच्या खपल्या त्यांना स्पष्ट दिसल्या. साळुंक्या कातडी कशी फोडतात ते आपण डोळ्यांनी पाहिले, असे त्यांनी परत जाऊन सांगितले. ही गोष्ट त्या वर्षी पठारावर सगळीकडे पसरली. त्यानंतर वर जाणाऱ्या आणखी वाढल्या.

उन्हाळ्यात नदी आटली आणि एकाच डोहात पाणी राहिले. तेव्हा दोन्हीकडच्यांना तिथेच यावे लागले. करवंदी पाणी पीत असताना केतकी पलीकडच्या बाजूने उतरली. तिच्या फासळ्या मोजता आल्या असत्या. तिच्यामागे तीन नव्या म्हशी होत्या आणि ती चालेल तशा, संथ, त्या चालत होत्या. करवंदी दोन पावले पाण्यात पुढे गेली, आणि तिच्या तोंडून केतकीचे नुसते नाव निघाले. तिच्या पाठीवर बसलेल्या साळुंकीने मान वर केली.

केतकीने रागाने पाहिले नाही. ती पाणी प्यायला वाकली. तिच्या दोन्ही कानांच्या पाळ्यांना भर उन्हाळ्यातही रक्ताने तुंबलेले करडे, टपोरे गोचीड ओळीने लोंबत होते. पाण्याला लागून त्यांतला एखादा सुटून पडू नये, म्हणून तिने मान तिरपी केली, आधी एका बाजूने थोडे प्यायली, मग दुसऱ्या बाजूने. नंतर कान जराही न हलवता ती हळूच उठली. मागच्या तिघीही तशाच, माना जपत, पाणी पिऊ लागल्या.